मत्स्यसोपान आणि मासेमारीचा हक्क : कोलंबिया नदीवरील सॅमनदर्शनाचा इतिहास

प्रस्तावना :

कोकणात पहिला जोराचा पाऊस झाला की ओढ्या-नाल्यांतून व शेतांच्या पाटांतून प्रवाहाविरुद्ध वर जाणाऱ्या माशांना 'चढणीचे मासे' म्हणतात. अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढणारा मासा ही मराठी माणसाला अपरिचित गोष्ट नाही. मात्र उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हीच घटना फार मोठ्या प्रमाणावर घडते. तेथील सॅमन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि काही वर्षांनी ज्या प्रवाहात जन्मला त्याच प्रवाहात अंडी घालण्यासाठी परततो. पॅसिफिक महासागरातील बहुतेक सॅमन जाती अंडी घातल्यानंतर मरण पावतात. त्यामुळे परतीचा प्रवास अडला तर त्या पिढीबरोबर पुढची पिढीही नष्ट होते.

नदीवर धरण बांधले की हा प्रवास अडतो. त्यावर उपाय म्हणून धरणाच्या कडेने पाण्याच्या पायऱ्या बांधल्या जातात. एकापेक्षा एक किंचित उंच अशा टाक्यांची ही मालिका असते. मासा एका टाक्यातून दुसऱ्या टाक्यात उडी मारून किंवा मधल्या भिंतीतील भोकातून पोहून वर जातो. या रचनेस 'फिश लॅडर' म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'मत्स्यसोपान' हा शब्द योजिला आहे. अमेरिकेतील अनेक मत्स्यसोपानांना काचेच्या खिडक्या आहेत आणि सॅमन चढण्याच्या दिवसांत तेथे सहकुटुंब प्रेक्षक जमतात. सिअॅटल शहरातील १९१७ साली सुरू झालेल्या जलद्वारांजवळचा सोपान १९७६ मध्ये नव्याने बांधण्यात आला. त्यालाही अशा खिडक्या आहेत. कोलंबिया नदीवरील बॉनव्हिल धरणाचा सोपान या सर्वांत विशेष प्रसिद्ध आहे.

मत्स्यसोपानाकडे सामान्यतः अभियांत्रिकीचे यश किंवा अपयश म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखाचा दृष्टिकोन वेगळा आहे. कोलंबिया नदीवर सॅमन पाहायला लोक धरणांपूर्वीही येत होते. त्या काळी पाहण्याचा विषय मासा पकडणारा माणूस व मासा हे दोन्ही होते. धरणांनंतर मासा खिडकीत दिसत राहिला, माणूस मात्र त्या दृश्यातून नाहीसा झाला. हा बदल कसा घडला आणि त्याचा मासेमारीच्या हक्काशी काय संबंध आहे, याचा शोध घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

१८५५ चे तह :

कोलंबिया नदी कॅनडात उगम पावते आणि सुमारे २,००० किलोमीटरचा प्रवास करून वॉशिंग्टन व ऑरेगॉन या राज्यांच्या सीमेवरून पॅसिफिक महासागरास मिळते. युरोपीय वसाहतीपूर्वी या नदीच्या खोऱ्यात दरवर्षी १ कोटी ते १ कोटी ६० लाख सॅमन व स्टीलहेड मासे परतत असावेत, असा अंदाज वायव्य ऊर्जा नियोजन परिषदेने १९८६ मध्ये मांडला. नदीकाठच्या जमातींचे अन्न, व्यापार व धर्मविधी या माशाभोवती गुंफलेले होते. सेलिलो धबधब्याजवळ पाण्यावर झुकलेल्या लाकडी माचांवर उभे राहून लांब दांड्याच्या जाळ्यांनी मासे पकडले जात. त्या परिसरात दहा हजार वर्षांहून अधिक काळ मानवी वस्ती असल्याचे पुरातत्त्वीय पुरावे आहेत. १८०५ च्या ऑक्टोबरमध्ये लुईस व क्लार्क यांची मोहीम येथून गेली, तेव्हा वाळवून कुटलेल्या सॅमनचा मोठा व्यापार त्यांच्या नजरेस आला. मासेमारी केव्हा सुरू करावी व केव्हा थांबवावी हे ठरविणारा मत्स्यप्रमुख असे आणि हंगामातील पहिल्या माशाचा विधी झाल्याखेरीज मासेमारी सुरू होत नसे.

१८५५ च्या जून महिन्यात वॉशिंग्टन प्रदेशाचे गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स व ऑरेगॉनचे अधिकारी जोएल पामर यांनी याकामा, उमाटिला, नेझ पर्स व वॉर्म स्प्रिंग्ज येथील जमातींशी तह केले. या तहांन्वये जमातींनी विस्तीर्ण भूप्रदेश सोडला. मात्र आपल्या नेहमीच्या व परंपरागत ठिकाणी, इतर नागरिकांबरोबरीने मासेमारी करण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे राखला. येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. हा हक्क सरकारने बहाल केलेला नव्हता. जमातींपाशी तो आधीपासून होता व त्यांनी तो राखून ठेवला होता. १९०५ साली युनायटेड स्टेट्स विरुद्ध विनान्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वास मान्यता दिली. मासे पकडण्याची यांत्रिक चाके बसविणाऱ्या खासगी मालकांनी याकामा मच्छिमारांचा नदीकडे जाण्याचा मार्ग अडविला होता. न्यायालयाने तो मार्ग मोकळा ठेवणे बंधनकारक केले.

माशाच्या मार्गाबद्दलचा कायदाही धरणांपेक्षा जुना आहे. १८४८ च्या ऑरेगॉन प्रदेश स्थापनेच्या कायद्यातच असे कलम होते की, ज्या प्रवाहांत सॅमन आढळतो त्या प्रवाहांवर मासा मुक्तपणे जाऊ शकेल अशी सोय केल्याखेरीज बंधारे घालू नयेत. म्हणजे विसाव्या शतकात धरणे उभी राहिली तेव्हा माणसाच्या हक्काची व माशाच्या मार्गाची, अशी दोन्ही तत्त्वे कागदावर अस्तित्वात होती.

डबाबंदी उद्योग आणि घटता मासा :

सॅमन घटला त्याचे सारे खापर धरणांवर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. कोलंबिया नदीवरील पहिला मासे डबाबंद करण्याचा कारखाना १८६६ मध्ये सुरू झाला. १८८३ साली केवळ चिनूक जातीच्या सॅमनची पकड सुमारे ४ कोटी ३० लाख पौंडांवर पोहोचली. ही पातळी टिकू शकली नाही. १८७९ पासून नदीत मासे उचलणारी यांत्रिक चाके फिरू लागली. ऑरेगॉनने त्यांवर १९२६ मध्ये व वॉशिंग्टनने १९३४ मध्ये बंदी घातली. जंगलतोड, खाणकाम व सिंचनाचे पाट यांनीही अंडी घालण्याच्या जागा बिघडविल्या. घटत्या माशांवर उपाय म्हणून कृत्रिम मत्स्यबीज केंद्रे निघाली. नदीचे नुकसान भरून काढण्यासाठी नदीबाहेर मासा तयार करण्याची ही कल्पना पुढे धरणांच्या काळात वारंवार वापरली गेली.

बॉनव्हिल : सोपानाची उभारणी

महामंदीच्या काळात, १९३३ साली, कोलंबिया नदीवर दोन प्रचंड धरणांची कामे सुरू झाली : समुद्रापासून सुमारे २३५ किलोमीटर अंतरावरील बॉनव्हिल आणि बरेच वरचे ग्रँड कूली. बॉनव्हिल धरणाचे बांधकाम लष्करी अभियंत्यांच्या विभागाने केले. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी २८ सप्टेंबर १९३७ रोजी ते राष्ट्रास अर्पण केले. एवढ्या मोठ्या नदीवर व एवढ्या संख्येने येणाऱ्या माशांसाठी सोपान बांधण्याचा अनुभव तोवर कोणाच्याही गाठीशी नव्हता.

मुख्य अडचण पायऱ्यांची नव्हती. मासा पायरीपर्यंत आणणे हे अधिक कठीण होते. सॅमन जोरदार प्रवाहाच्या रोखाने जातो. विद्युतगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रचंड प्रवाहापुढे सोपानाचे अरुंद तोंड त्याला सापडणे दुरापास्त होते. म्हणून विद्युतगृहाच्या संपूर्ण दर्शनी बाजूने मासे गोळा करणारा एक कालवा बांधण्यात आला. त्याला अनेक प्रवेशद्वारे ठेवली व त्यांतून मुद्दाम जादा पाणी सोडून माशाला आकर्षून घेण्याची योजना केली. मासे पेटीत घेऊन पाण्याच्या पातळीबरोबर वर उचलणारी यंत्रणाही बांधली होती. परंतु माशांनी सोपानच पसंत केला. १९३८ मध्ये सॅमन सोपान चढून वर गेले आणि योजनेबद्दलच्या अनेक शंका दूर झाल्या.

ग्रँड कूलीचा निर्णय याच्या उलट होता. सुमारे १६८ मीटर उंचीच्या या धरणावर सोपान बांधलाच नाही. त्यामुळे वरील खोऱ्यातील सोळाशेहून अधिक किलोमीटरचे प्रवाह सॅमनला कायमचे बंद झाले. बुडणाऱ्या केटल धबधब्याचा निरोप घेण्यासाठी जून १९४० मध्ये अनेक जमातींचे लोक तेथे जमले. तो मेळावा 'अश्रूंचा सोहळा' या नावाने ओळखला जातो. एकाच नदीवर, एकाच दशकात एका धरणाला सोपान मिळाला व दुसऱ्याला नाही. माशाच्या मार्गाचे तत्त्व धरणाची उंची व खर्च यांच्या हिशेबात बसले तरच पाळले गेले, असाच याचा अर्थ होतो.

बॉनव्हिलच्या जलाशयातही जमातींच्या मासेमारीच्या अनेक जागा बुडाल्या. त्यांच्या बदल्यात सहा ठिकाणी मिळून सुमारे ४०० एकर जमीन देण्याचे आश्वासन १९३९ मध्ये युद्ध खात्याने दिले. त्यानंतरच्या काही दशकांत प्रत्यक्षात पाच ठिकाणे व सुमारे ४० एकर एवढीच जमीन मिळाली. उरलेल्या जागांसाठी स्वतंत्र कायदा होण्यास १९८८ साल उजाडावे लागले. माशासाठीचा सोपान धरणाबरोबरच पुरा झाला होता. माणसाला दिलेला शब्द मात्र अर्धे शतक अपुरा राहिला.

मोजणी आणि खिडकी :

१९३८ पासून बॉनव्हिल येथे वर जाणाऱ्या प्रत्येक जातीच्या माशाची मोजणी सुरू झाली. प्रारंभी सोपानाच्या एका अरुंद जागी पाण्याखाली पांढरी फळी बसविलेली असे. तिच्यावरून जाणारा मासा वर बसलेला कर्मचारी ओळखून नोंदवीत असे. पुढे ही मोजणी पाण्याखालील काचेच्या खिडकीतून होऊ लागली. तासातील ५० मिनिटे प्रत्यक्ष मोजून उर्वरित १० मिनिटांचा आकडा त्यावरून काढण्याची पद्धत रूढ झाली. प्रेक्षकांसाठीही वेगळ्या खिडक्या करण्यात आल्या. बॉनव्हिलच्या मूळ प्रकल्पास १९८७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

ही आकडेवारी इतिहासाभ्यासकाच्या दृष्टीने अमूल्य आहे. एखाद्या नदीतील माशांची आठ दशकांहून अधिक काळाची सलग नोंद क्वचितच उपलब्ध असते. परंतु या साधनाच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. खिडकीतून वर जाणारा मासा मोजला जातो. सोपानाचे तोंड न सापडलेला मासा त्या नोंदीत येत नाही. नदीतील नैसर्गिक वंशाचा मासा व बीज केंद्रात वाढविलेला मासा यांची एकूण बेरीज एकच दिसते. २०१३ मध्ये नऊ लाखांहून अधिक शरदकालीन चिनूक बॉनव्हिल ओलांडून गेले. हा आकडा खराच आनंददायक होता. मात्र त्यावरून खोऱ्यातील प्रत्येक उपनदीतील मासा सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. स्नेक या उपनदीतून आयडाहो राज्यातील रेडफिश सरोवरापर्यंत जाणाऱ्या सॉकाय सॅमनला आठ धरणे ओलांडून सुमारे १,४५० किलोमीटर प्रवास करावा लागतो. १९९२ मध्ये त्या सरोवरापर्यंत एकच सॉकाय पोहोचला.

सोपान कोणासाठी बांधला गेला, हेही या नोंदींतून स्पष्ट होते. त्याची रचना व्यापारी मूल्य असलेल्या सॅमनच्या पोहण्याच्या शक्तीला अनुसरून केलेली आहे. जमातींच्या आहारात महत्त्वाचे स्थान असलेला लॅम्प्रे हा सापासारखा जलचर तोंडाने भिंतीला चिकटून चढतो. सोपानातील काटकोनी कडा व वेगवान प्रवाह त्याला अडवितात. त्याच्यासाठी वेगळे उतार बसविण्याचे काम फार उशिरा सुरू झाले. याउलट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून एकोणिसाव्या शतकात आणलेल्या शॅड माशाला ही रचना मानवली. पूर्वी सेलिलो धबधबा त्याची वाट अडवीत असे. धबधबा बुडाल्यावर तो वरपर्यंत पसरला आणि २०१९ मध्ये ७० लाखांहून अधिक शॅड बॉनव्हिल येथे मोजले गेले. ज्या खिडकीत प्रेक्षक नदीचा मूळ रहिवासी पाहायला येतात, तिच्यात कित्येकदा या पाहुण्याचीच गर्दी अधिक असते.

सेलिलोचा अस्त :

१० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाची दारे बंद करण्यात आली. काही तासांतच सेलिलो धबधबा जलाशयाखाली गेला. याही धरणाला मत्स्यसोपान होता आणि मासा पुढे जात राहिला. बुडाली ती मासेमारीची जागा. येथेच मत्स्यसोपानाच्या धोरणातील मूळ उणीव उघड होते. १८५५ च्या तहाने विशिष्ट ठिकाणी मासा पकडण्याचा हक्क राखला होता. सोपानाने केवळ माशाची वाट राखली. माचावर उभ्या राहणाऱ्या माणसाचे स्थान कोणत्याही सोपानाने वर नेता येण्यासारखे नव्हते.

सरकारने संबंधित जमातींना एकूण सुमारे २ कोटी ७० लाख डॉलरची भरपाई दिली. सेलिलोचे वयोवृद्ध मत्स्यप्रमुख टॉमी थॉम्पसन यांनी अखेरपर्यंत धरणास विरोध केला. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले. बुडण्यापूर्वी सेलिलो हेही प्रवाशांचे आकर्षण होते. महामार्गावर मोटारी थांबवून लोक माचांवरील मासेमारी पाहत. त्यामुळे निसर्गाच्या जागी पर्यटन आले, असे म्हणणे अपुरे ठरते. प्रेक्षक दोन्हीकडे होता. सेलिलोस त्याला मासा व मच्छिमार यांचे नाते दिसे. खिडकीपाशी त्याला काचेपलीकडचा एकटा मासा दिसतो. त्या माशावर कोणाचा तरी हक्क आहे, ही गोष्ट दृश्यातून गळून पडते.

हक्काचे पुनरागमन :

हा हक्क न्यायालयांतून पुन्हा पुढे आला. सोहॅपी विरुद्ध स्मिथ या खटल्यात न्यायाधीश बेलोनी यांनी १९६९ मध्ये कोलंबियातील जमातींना माशांचा न्याय्य वाटा मिळाला पाहिजे, असा निर्णय दिला. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी वॉशिंग्टन राज्यासंबंधीच्या खटल्यात पकडण्याजोग्या माशांचा निम्मा भाग हे त्या वाट्याचे प्रमाण ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये हा निर्णय मुख्यतः कायम केला. १९७७ मध्ये चार जमातींनी कोलंबिया नदी आंतरजमात मत्स्य आयोग स्थापन केला. त्यानंतर जमाती केवळ तक्रारदार राहिल्या नाहीत. स्वतःचे जीवशास्त्रज्ञ नेमून त्या नदीच्या व्यवस्थापनात उतरल्या.

या काळात चर्चेचा रोखही पालटला. सोपान चढत्या माशासाठी असतो. समुद्राकडे उतरणाऱ्या बोटभर पिल्लांना त्याचा उपयोग नसतो. पिल्ले टर्बाइनमधून जातात, संथ जलाशयांत रेंगाळतात, तेथील भक्षक माशांना बळी पडतात व कोमट पाण्याने दुर्बल होतात. त्यासाठी जाळ्या, वळण-मार्ग, बोटींतून वाहतूक, सांडव्यावरून जादा पाणी सोडणे असे उपाय झाले. स्नेक नदीवरील खालची चार धरणे काढावीत की नाही, हा वाद मात्र मिटलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संघराज्य सरकार, जमाती व राज्ये यांच्यात झालेल्या समझोत्यातून सरकारने जून २०२५ मध्ये माघार घेतली.

काही नद्यांवर याच्याही पुढचा मार्ग स्वीकारला गेला. वॉशिंग्टनमधील एल्वा नदीवर १९१३ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाला, राज्याचा १८९० चा कायदा असतानाही, सोपान नव्हता. त्याऐवजी काढलेले मत्स्यबीज केंद्र १९२२ मध्ये बंद पडले. १९९२ च्या कायद्यानंतर, २०११ ते २०१४ या काळात तेथील दोन्ही धरणे काढण्यात आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये लोअर एल्वा क्लॅलम जमातीने त्या नदीत मर्यादित स्वरूपात पुन्हा सॅमन पकडला. क्लॅमथ नदीवरील चार धरणे काढण्याचे काम २०२४ मध्ये पूर्ण झाले. त्याच शरदात सॅमन त्यांच्या जागा ओलांडून वर गेल्याचे आढळले.

भारतीय संदर्भ :

भारतात या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण हिलसा माशाचे आहे. शॅडच्याच कुळातील हा मासा समुद्रातून गंगेत चढत असे व मध्य गंगेच्या खोऱ्यापर्यंत पकडला जाई. १९७५ मध्ये फराक्का बंधारा कार्यान्वित झाल्यावर वरच्या भागातील हिलसाची पकड झपाट्याने घटली आणि बिहार-उत्तर प्रदेशातील मच्छिमारांच्या उपजीविकेचे एक साधन हिरावले गेले. बंधाऱ्यातून मासा वर कसा जाईल, यावर तांत्रिक चर्चा होते. वरच्या काठावरील मच्छिमाराचा त्या माशावर काही हक्क होता काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कोलंबियातील जमातींजवळ निदान १८५५ चा लेखी तह होता. आपल्याकडील नदीकाठच्या समाजांचे हक्क बहुतांशी वहिवाटीचे, म्हणूनच अलिखित आहेत. त्यामुळे ते बुडाले तरी त्याची नोंद होत नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, मत्स्यसोपान ही निरुपयोगी रचना नाही. ज्या धरणावर तो नव्हता, त्या ग्रँड कूलीच्या वर सॅमनचा नैसर्गिक मार्गच संपला, हे त्याच्या उपयुक्ततेचे पुरेसे प्रमाण आहे. दुसरी, सोपानाने प्रश्नाची मर्यादा 'मासा वर जातो का' एवढ्यावर आणून ठेवली. उतरणारी पिल्ले, लॅम्प्रेसारखे अन्य जलचर आणि मासेमारीच्या बुडालेल्या जागा या तिच्या बाहेर राहिल्या. तिसरी, खिडकी व मोजणी यांनी माशाला दृश्यमान केले, परंतु त्याच दृश्यातून मच्छिमार वगळला गेला. चौथी, त्याला पुन्हा नदीवर आणण्याचे काम शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या तहातील एका कलमाने केले. अभियांत्रिकीला ते करता आले नव्हते.

बॉनव्हिलच्या खिडकीपाशी उभा राहणारा प्रेक्षक जे पाहतो ते खरे आहे आणि पाहण्याजोगेही आहे. त्या धरणाच्या वरच्या बाजूस आजही काही ठिकाणी माचांवरून दांड्याच्या जाळ्यांनी मासेमारी चालते. ती दोन्ही दृश्ये एकत्र पाहिल्याखेरीज कोलंबिया नदीचा इतिहास पुरता समजत नाही.